मंजूच्या गेममधलं अंगण

मंजे,

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. मी देवगावला चाललोय, कृष्णाकाकाकडं. फोन करू नको, एसटीच्या खडखडाटात मला काय ऐकू येत नाय.

काल तू इचारलं, "अण्णा, मी बनवतेय त्या गेममधी आपलं देवगावचं अंगण लई उघडं पडतंय, खेळणारे पटापट मरतात. आपली खरी भिंत घालू का मधी?" मी म्हणलं, घाल. तू ड्यूटीला गेल्यावर वाटलं, बघू तरी पोरीनं आपलं घर कसं बांधलंय. रिमोट घेतला, आपल्या दारातून निघालो, तर सरळ काकाच्या ओसरीवर! आम्हा भावाभावांत भांडून अंगणात भिंत उठली तवापासून तिथं पाय ठेवला नव्हता. बसायचं बटन दाबलं अन् निवांत बसलो. कोण कुठला गडी आला अन् गोळ्याच घातल्या. परत गेलो, परत बसलो, परत मेलो. एक जण आतून वरडला, "अंकल, खेलने आए या सोने?" मी परत बसायचं बटन दाबलं.

तवापासून जीव थाऱ्यावर नाय. काका दार उघडतो का तोंडावर लावतो, देव जाणे. भिंत पाडायला पहार न्यायची व्हती, पण हातात बघून त्याला वाटंल भांडायलाच आलो. म्हणून रिकामाच चाललोय.

तू भिंत घालू नको. आडोसा पाहिजेच तर कडब्याची गंजी लाव. भिंतीच्या आधी तिथं गंजीच व्हती, अन् आईनं हाक मारली की आम्ही दोघं भाऊ गंजीआडच लपायचो.

अण्णा