आक्काचा रॉड आणि खमीसचा खटका

खमीस मुशैत,
मार्गशीर्ष, बहुतेक षष्ठी (इथल्या कॅलेंडरात तिथी सापडत नाही)

ती. भाऊसाहेब यांस, दोन स्वेटर आणि कानटोपीसह भिकाजीचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (थांबला असेल तर एकदम कसा थांबला, तेही डॉक्टरांना विचारा.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून. मला सकाळी पोटात गुडगुडतं, संध्याकाळी छातीत धडधडतं आणि दुपारी काहीच होत नाही, याची काळजी वाटते.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि आमची थोरली बहीण, आक्का, नेमकी त्याच वेळी तुमच्या ओटीवर तांदूळ निवडत बसलेली असते. हे तिच्या कानावर जाता कामा नये. चिरंजीव उदयच्या कंपनीतला पंकज सुट्टीवर लांज्याला निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो. वाचून झालं की फाडून टाका. जाळू नका, उगाच आग लागायची.

विषय आपल्या घराच्या वायरिंगचा आहे. पांडू वायरमन जुनं सगळं उपटून नवं घालतोय, तुम्ही देखरेख करताय, उपकार आहेत. निघताना मी पांडूला बजावलं होतं की तो ईएलसीबी नावाचा खटका बसवू नकोस, तो ऊठसूट लाइट घालवतो. पांडू म्हणाला, काका, तो शहरातल्या लोकांचा नखरा. आम्हा दोघांचं इतकं एकमत यापूर्वी कधीच झालं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आता इकडचं ऐका. सौदी म्हणजे वाळवंट, म्हणून मी स्वेटर लांज्यालाच ठेवले (अंगात आहेत ते उदयचे). खमीस निघालं डोंगरावर! सकाळी दात कडाकडा वाजतात (माझे दात वाटीत असतात, तरी वाजतात). उदयच्या घरी गीझर आहे, पण गीझरच्या पाण्याचा मला भरवसा नाही. ते कुठे तापतं, किती तापतं, आत काय पडलंय, काही दिसत नाही. पाणी कसं डोळ्यांदेखत बादलीत तापावं. म्हणून मी आपला जुना रॉड धोतरात गुंडाळून बॅगेतून आणला होता. इथल्या प्लगात त्याची पिन बसेना. मग पिन कापून टाकली, वायरी सोलल्या आणि काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून त्या भोकांत घट्ट बसवल्या. सातवीपर्यंत शिकलो असलो तरी एवढं मला येतं.

बटण दाबलं आणि सगळ्या घराची लाइट गेली. मी मुकाट्याने रॉड काढून पलंगाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या मनात रॉडबद्दल संशय म्हणून आला नाही. इतकी वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलंय. पाण्यात बोट घातलं की हाताला बारीक झिणझिण्या यायच्या, त्यावरून तो चालू आहे हे कळायचं. इथे झिणझिण्या नाहीत, म्हणजे सौदीची वीजच अशक्त, असा मी निष्कर्ष काढला आणि उदयला तो दोनदा ऐकवला.

उदयने अली नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हा पेशावरचा, मिशा तलवारीसारख्या, आणि आत्मविश्वास मिशांपेक्षा मोठा. त्याने आल्या आल्या मिक्सर दोषी ठरवला. सूनबाई विद्याने दोन दिवस चटणी खलबत्त्यात कुटली आणि प्रत्येक घावाला माझ्याकडे पाहिलं. लाइट जातच राहिली. मग अलीने फ्रिज बंद ठेवायला लावला, त्यामुळे फ्रीझरमधली सुरमई एकदम शिजवावी लागली. सकाळी सुरमई, दुपारी सुरमई, रात्री सुरमई. नात रेवा म्हणाली, "आजोबा, आय ॲम टर्निंग इन्टू अ फिश."

शेवटी छडा लावला तुमच्या बहिणीने. अली तिसऱ्यांदा शिडीवर चढत होता, तेव्हा दमयंती भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणाली, "मेल्या, मिक्सर कसला बघतोस? हे आंघोळीला गेले की लाइट जाते." (तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कधी कबूल करतो ते बघत होती म्हणे. लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून बघतेच आहे.)

पलंगाखालून रॉड निघाला. काड्या बघून अली शिडीवर मटकन बसला. म्हणाला, "चाचा, ये हीटर नहीं, मौत का सामान है. खलास!" रॉडला केसाएवढी चीर होती. मग उदयने समजावलं की इथल्या घराला तोच ईएलसीबी खटका आहे. वीज जेवढी जाते तेवढी परत यायला हवी. थोडी कमी आली, की ती दुसरीकडे कुठे तरी पळाली, बहुधा माणसात, असं समजून हा खटका क्षणात पडतो. म्हणजे त्या झिणझिण्या, भाऊसाहेब, वीज माझ्यातून फेरफटका मारत होती त्याच्या!

मी घाबरून घाबरून थकलो आणि मग खरा घाबरलो. कारण तो रॉड जोडीने घेतला होता. दुसरा आक्काकडे आहे. ती आपल्याच घरच्या न्हाणीत ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पाण्यात हात घालते आणि "मुंग्या आल्याशिवाय पाणी तापल्यासारखं वाटत नाही" असं वर सांगते.

मी उदयला विचारलं, नव्या वायरिंगला हा खटका प्रत्येक वेळी लागतोच का? तो इंजिनियर, म्हणाला, "बाबा, इट डिपेंड्स. काही देशांत काही सर्किटला नियमातून सूट असते." एवढं शिकवलं त्याचं हे उत्तर! मी म्हटलं, आक्का कुठल्या सर्किटवर येते तेवढं सांग. तो म्हणाला, बसवून घ्या.

तेव्हा पांडूला सांगा, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि सगळे प्लग खटक्याखाली घे. फ्रिजला वेगळा खटका दे (सुरमईचा अनुभव आहे). खटका आहे म्हणून अर्थिंगचा खड्डा विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार. खाली बसताना गुडघा सांभाळा.

आपला,
भिकाजी

ता. क. वरचं सगळं पांडूलाही कळवता आलं असतं. खरं काम वेगळंच आहे. आक्काकडून तो रॉड काढून घ्यायचा. तुम्ही तिला घाबरता हे मला माहीत आहे, पण मी इतक्या लांबून तुमच्याहून जास्त घाबरतोय. माझं नाव सांगू नका.

ता. क. २. दमयंतीने पत्र वाचलं. ती म्हणते, "दादाला नाही जमायचं. आधी खटका बसवा, मग आक्कांना बादलीपासून लांब उभं करून पांडूलाच रॉड लावू दे. खटका पडला की वाद घालायचा तो त्याच्याशी घालतील." मला ही युक्ती पटली. आक्काला उलट न बोलता गप्प करील असं घरात आजवर कोणी नव्हतं.

ता. क. ३. आत्ताच पुन्हा लाइट गेली. रॉड अलीने नेलाय, मी निर्दोष आहे. खटक्यावर तपासणीचं एक बटण असतं, अधूनमधून दाबून खटका पडतो का ते बघायचं असतं. मला भरवसा नाही, म्हणून मी रोज दाबतो. विद्या परतीच्या तिकिटांची चौकशी करते आहे. तरी पांडूला सांगा, आपला खटका माझ्या हाताला येईल अशा उंचीवर बसव.