जुनं हेड, नवं हेड

१२ ऑगस्ट १९९४, शुक्रवार

फसवलं मला त्या रोह्याच्या व्हीसीआर दुरुस्तीवाल्या पुंडलिकने! नवं म्हणून जुनं चिकटवलं. पंधरा दिवस झाले नाहीत आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. माणसं बोलतात, गातात, दिसत कोणी नाही. आणि एका घरात नाही – एकतीस घरांत! व्हीसीआर आमच्या घरात, त्याच्यापुढे बूस्टर, तिथून अख्ख्या कासू गावात वायर. कॅसेट मी लावणार, गाव बघणार. चार वर्षं चाललंय. आता स्टेशनवर जाते तर विचारतात, "काकू, आज पण मुंग्याच काय?"

व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत गोल भांडं फिरतं. कॅसेटची पट्टी त्याच्यावरून सरकते तेव्हा चित्र येतं. त्याला हेड म्हणतात. आमचं झिजलं. पुंडलिकने दोन पुढ्यात ठेवली. एक डब्यातलं कोरं. एक कुणाच्या तरी मेलेल्या मशीनमधून काढलेलं. म्हणाला, "जनीताई, जुनं न्या. असला माल आता येत नाय." मी म्हटलं, भंगार नको, कोरं द्या. कसलं कोरं!

वर तो पेणचा हितेश. येत्या रविवारी नाही, पुढच्या – २१ला येणार. डिशची छत्री बसवणार, स्वतःची वायर ओढणार. विमलबाईच्या ओटीवर बसून सांगून गेला, "मावशीचं सगळं जुनाट झालं. माझ्याकडे कोण कोण येतंय ते रविवारी सांगा." विमलबाई माझी शेजारीण. पहिली वायर तिच्या घरात गेली. आणि ती गप्प! हितेशचा नाही एवढा तिचा राग आला.

मूर्तींच्या कारखान्यातलं काम गणपतीपुरतं. बाकीचं वर्ष ही वायरच माझी. ती गेली तर मी काय करू, भिंतीकडे बघत बसू?

उद्या रोहा.

१३ ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या गाडीने गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं. बरंच झालं! सगळ्यांच्या देखत बोलले. "लाज नाय वाटत? बाईमाणूस बघून जुना माल चिकटवता?"

पुंडलिक वयाने मोठा माणूस. चष्मा काढला, पुसला, परत घातला. भांडला नाही. ते जुनं हेड कागदात गुंडाळून पुढे केलं. "हे न्या. बसवायला मात्र मला सांगू नका."

म्हटलं, नाही सांगत! मागच्या वेळी तुमच्या समोर बसून बघितलंय. दोन स्क्रू, चार टाके सोल्डरिंगचे. तेवढ्यासाठी तीनदा हात मागे घेतला तुम्ही.

गिऱ्हाइकांतला एक हसला – "बाय, ती काय भाकरी थापायची हाय?" म्हटलं, तू थापून दाखव आधी भाकरी.

१४ ऑगस्ट, रविवार

आलं! चित्र आलं!!

मी बसवलं. माझ्या हाताने. पेणच्या कारखान्यात अठरा वर्षं गणपतीचे डोळे काढते. दुसऱ्या कोणाला देत नाहीत ते काम. श्वास धरायचा, रेघ ओढायची, मग सोडायचा. इथेही तोच श्वास धरला. चार टाके, चार श्वास. हेडच्या टोकाला बोट लागू दिलं नाही.

नवरा, कमळाकर, रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे. आज सुट्टी. दारात उभा राहून म्हणाला, "गणपती समजून डोळे काढशील त्याला." बघत राहा म्हटलं. कॅसेट ढकलली. आणि असं चित्र! इतकं कधी आलं नव्हतं. विमलबाई तिच्या दारातून ओरडली, "जने, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतोय गो!"

दोनदा लावला सिनेमा. जेवण करायचं राहिलं. कमळाकरने पोहे केले. खारट. खाल्ले.

म्हणजे जुनंच चांगलं. आणि ते कोरं खोटंच होतं. बोलले ते बरोबर बोलले!

१५ ऑगस्ट, सोमवार

झेंडावंदन. सुट्टी म्हणून सिनेमा दुपारीच लावला. मग दर सोमवारसारखं मशीन उघडून ब्रशने पुसून ठेवलं.

१६ ऑगस्ट

मुंग्या!!! हे पण गेलं! काल लखलखीत आणि आज काही नाही. हात लावला नाही, पडलं नाही, काही नाही. डोकं फिरायची वेळ आली. विमलबाई येऊन बघून गेली. "काल बरं होतं गो," म्हणाली. मला काय माहीत नव्हतं?

१७ ऑगस्ट

कमळाकर म्हणतो, दे सोडून, घेऊ दे हितेशला. त्याला म्हटलं, स्वतः वाढून घे.

१८ ऑगस्ट, गुरुवार



कारखान्यात दीड फुटाची मूर्ती पुढ्यात. माझा बारीक ब्रश सापडेना. घाई केवढी, पाटावर शंभर गणपती बिनडोळ्यांचे. पिशवीतला काढला – मशीन पुसायचा. काळ्यात बुडवला, पापणीची रेघ ओढली. आणि काळ्या रेघेत सोनं चमकलं!

बघतच राहिले. शेठ म्हणाले, "काय गो जने, नजर लागली काय त्याला?"

मुकुटाची सोनेरी भुकटी! ह्याच ब्रशने मुकुटाच्या कडा मारल्या होत्या. मग घरचा झडला म्हणून हा धुऊन घरी नेला, ८ तारखेला. तो पण सोमवार. धुतला खरा, पण भुकटी केसांच्या मुळाशी बसलेली. त्या सोमवारी नवं हेड पुसलं – मुंग्या. ह्या सोमवारी जुनं पुसलं – मुंग्या.

मीच! स्वच्छ करते, स्वच्छ करते म्हणून मीच घाण भरली. आणि चार माणसांत त्याला काय काय बोलले.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

स्पिरिट आणलं. मऊ कापड. आडवं पुसायचं, वरखाली नाही. कापडावर सोनेरी कण आले. जुन्या हेडवर कॅसेट लावली – चित्र! ते काढलं, नवं पुसलं, बसवलं – चित्र!! दोन्ही चांगली! जुनं पण, नवं पण! नाचावंसं वाटलं. थोडी नाचलेच. कमळाकरने बघितलं. बघू दे.

ब्रश चुलीत घातला.

२० ऑगस्ट, शनिवार

रोहा. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. बाकावर बसून राहिले. पुंडलिक विचारतोय, काय काम? म्हटलं, थांबा. चौथं गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले. बोलले होते चौघांत, मग मागे पण चौघांतच घ्यायचं. "चूक माझी. ब्रशात गणपतीचं सोनेरी होतं. ह्यांनी नवं म्हणून नवंच दिलं होतं."

पुंडलिक खोकला येईपर्यंत हसला. "हेडला मुकुट घातलात व्हय!"

जुनं हेड परत दिलं. त्याने उजेडात नेलं, पार नाकाला लावलं. तरी समाधान होईना. मग टाक्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एक, दोन, तीन, चार. "कोणी दिले हे?" मी, म्हटलं. परत नख फिरवलं. मग म्हणाला, "चहा घ्या."

२१ ऑगस्ट, रविवार

हितेश आला. विमलबाईने ओटीवर चटई टाकली, टीव्ही दारात ओढला. "आधी बस, हा सिनेमा बघ, मग तुझी छत्री सांग." शेवटपर्यंत बघितला मेल्याने! तीन घरं गेली त्याच्याकडे. जाऊ देत. अठ्ठावीस माझी.

विमलबाईला वाटी भरून खीर दिली. राग गेला असं काही बोलले नाही.

२२ ऑगस्ट, सोमवार

कमळाकर धाटावहून येताना पुंडलिकची पिशवी घेऊन आला. आत त्याची स्वतःची सोल्डरिंगची कांडी. निरोप – दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, टाका दिसत नाय, मशीनं पडून हायत. गणपती गेले की या, माझ्या हाताखाली बसा.

हाताखाली! उद्या कमळाकरच्याच हातून उलटा निरोप जाईल – येते. पण हाताखाली नाही, शेजारी. आणि दुकानाच्या पाटीवर तुमच्या नावाशेजारी माझं नाव. हो की नाय ते शुक्रवारपर्यंत कळवा.