मास्तरांना चढण जाणवेना

दुकानातून, मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय,

(पुढे काही लिहीत नाही. सगळे तुला मॅडम म्हणतात, आणि मी मनात जे म्हणतो ते एकदा तोंडातून निसटलं तेव्हा तू अख्ख्या ग्रुपला हसवलं होतंस. म्हणून नुसतंच प्रिय.)

नमस्कार. तू मजेत असशील. मीही बरा आहे. दुकान बरं आहे, शेठ बरा आहे, शेठचा आवाज जागच्या जागी आहे. तुझ्या रविवारच्या ग्रुपमुळे आपलं दुकान आता जाड माणसांच्या इलेक्ट्रिक सायकलींचं दुकान म्हणूनच ओळखलं जातं. दारात कुणी धापा टाकत उभं राहिलं की शेठ आतून ओरडतो, "ए, मॅडमचं गिऱ्हाईक आलं बघ!" मग मी जाड आऱ्यांची, रुंद सीटची सायकल काढतो आणि तू पढवलेलं भाषण देतो. मोटर तुमच्याऐवजी नाही, तुमच्याबरोबर. मोटरचा जोर एक नंबरवर ठेवा, पाय चालू द्या, घाम येऊ द्या. पाच नंबर अगदी जीव जायची वेळ आली तरच. तोंडपाठ आहे मला. कॉलेजात काही पाठ झालं नाही, पण तुझं सगळं पाठ आहे.

पत्रास कारण आपल्या टेलर मास्तरांचा निरोप. तोंडी सांगितला असता, पण माझा नंबर तू केव्हाच ब्लॉक करून ठेवलायस.

मास्तर रविवारी पुलाच्या चढणीवर पडले, हे तुला कळलं असेल. खुब्याचं हाड मोडलंय. तुला हे कळलं नसेल की ते तुमच्या मागोमागच येत होते. तू त्यांना ग्रुपमधून काढलंस तरी ते थांबले नव्हते. तुम्ही सगळे वळलात की मग गल्लीतून निघायचे, एकटेच, कॅरिअरला तुझं लाल फडकं बांधून. काल मी भेटायला गेलो. काकू पलंगाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "काय सांगू बाळा, दिवसभर नुसतं कोमट पाणी आणि अर्धी काकडी. मी ओरडले, तर म्हणाले, मॅडम मला खोटारडा म्हणाल्या, आता वजनकाट्यानंच साक्ष दिली पाहिजे."

मास्तर हसले. टाके घालताना तोंडात दोरा धरायची त्यांना सवय, हसतानाही ओठ तसेच आवळतात. म्हणाले, "मॅडमना एवढंच सांग, मी चोरून खात नव्हतो. आणि रागावल्या असतील तर माफ करा म्हणावं."

हा झाला निरोप. खरं तर पत्र इथेच संपायला हवं.

तुझं ते फडकं आठव. ज्याचं वजन आठवड्यात उतरलं नाही, त्याच्या सायकलला लाल फडकं, आणि त्याने सगळ्यांच्या मागे चालवायचं. तुझीच टूम. तू कापड आणलंस आणि कडा दुमडून द्यायला मास्तरांकडेच दिलंस. त्यांनी दुहेरी शिलाई मारली, कोपऱ्याला बांधायला छान नाडी लावली. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या सायकलच्या पँटी त्यांनीच शिवल्यात, कारण त्या मापाच्या बाजारात मिळत नाहीत. तेव्हा ग्रुपमधला तो ड्रायव्हर म्हणाला होता, "मास्तर, एवढं मजबूत कशाला शिवताय? कुणाच्या तरी गळ्यात पडेल!" सगळे हसले. मास्तरही.

तेव्हा त्यांचं वजन उतरत होतं. दुकानामागच्या गोदामातल्या त्या मालाच्या काट्यावर ते उभे राहिले की तू टाळ्या वाजवायचीस. "माझा हिरो" म्हणायचीस. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायचीस, दुखतंय का? गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं तर आधी वजन कमी करा, असं डॉक्टरनं सांगितलेलं. शिलाई मशीनचं पायडल त्यांना दाबवत नव्हतं, काकू शेजारी बसून हाताने चाक फिरवायच्या. दोघं मिळून एक पँट. तू हे ऐकलंस आणि तुझे डोळे भरले. माझ्यासाठी तुझे डोळे कधी भरलेत? मी तुझ्यामागे कॉलेज सोडलं. तू पास होऊन गेलीस, आणि मला कॉलेजच्या मैदानाकडे बघवेना. तू जिथे गिऱ्हाईकं पाठवतेस त्या दुकानात स्पॅनर हातात घेतला. घरी बापाने ताट भिरकावलं. सांग ना, कधी भरले?

मग मी तुला विचारलं. त्याच गोदामात, काट्याजवळ. वाटलं होतं, नाही म्हणायचं असेल तर बाजूला घेऊन म्हणशील. तू मोठ्याने म्हणालीस, "तू अर्धवट आहेस रे. कॉलेज अर्धं, केस अर्धे, बोलणंही अर्धं. सुरू केलेलं शेवटपर्यंत कसं न्यायचं ते मास्तरांकडून शीक."

शिकलो.

पुढच्याच आठवड्यात मास्तर ब्रेक तपासायला सायकल घेऊन आले. म्हणाले, "बाळा, मनावर घेऊ नकोस. पोरगी तोंडाची तिखट आहे, मनाची चांगली आहे." दिलासा देत होते मला! तुझ्या बाजूने! माझं डोकं फिरलं. त्यांना मी बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सायकल आत नेली.

तुला माहीत नसेल, हँडलवरचा आकडा म्हणजे नुसता आकडा. त्या आकड्याला मोटरने किती जोर लावायचा, ते आम्ही आत ठरवतो. ते बदलणं चहा गार व्हायच्या आत जमतं. त्या दिवसापासून मास्तरांच्या सायकलवर एक दिसायचा आणि मोटर पाचचा जोर लावायची. ते नुसते पाय फिरवत होते. ओढत होती ती मोटर.

आता आठव, मास्तर किती खूश झाले होते. "मॅडम, पाय हलके झाले! पुलाची चढण जाणवतच नाही!" तू पाठ थोपटलीस. आणि रविवारी काटा जिथल्या तिथे. पुढच्या रविवारी थोडा वरच. चढण जाणवत नाही म्हणजे आपण दमदार झालो, या आनंदात काकूंच्या हातचे चार घास जास्त गेले असतील बिचाऱ्यांना. फडकं त्यांच्याच कॅरिअरला आलं. त्यांनीच लावलेली नाडी होती, पक्की बसली.

ड्रायव्हर ओरडला, "मास्तर, माप चुकलं वाटतं!" मी पण हसलो. तू हसली नाहीस. तू जे केलंस ते त्याहून भारी होतं. म्हणालीस, "चढण जाणवत नाही, तसं गिळतानाही काही जाणवत नाही का तुम्हाला?" जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारा एक माणूस लाजेनं काट्यावरून उतरला, आणि ते मास्तर होते. त्यांनी शपथ घेतली. तू म्हणालीस, "खोटारड्यांसाठी माझा ग्रुप नाही."

मी बोललो असतो तर? एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू माझ्याकडे बघितलंस, कितीतरी दिवसांनी नीट बघितलंस, आणि खांदे उडवलेस, जणू म्हणत होतीस, बघ, तुझ्यासारखाच निघाला. मला इतकं बरं वाटलं की वाक्य गिळलं. मलाही गिळताना काही जाणवलं नाही.

मास्तरांना संशय आला नाही असं नाही. एकदा आले, म्हणाले, "बाळा, बॅटरी पूल ओलांडेपर्यंतच पुरते. पूर्वी तळ्याला दोन फेऱ्या व्हायच्या." मी म्हणालो, "मास्तर, सायकलीचा काय दोष? ओझं वाढलं की बॅटरी संपणारच." त्यांनी पोटावरून हात फिरवला. नंतर म्हणाले, "खरंय तुझं." अर्धी काकडी त्या दिवसापासून. तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे, निम्मी निम्मी.

रविवारी उपाशीपोटी चढणीला थांबले, दम घेतला, पुन्हा पाय दाबला. पाचच्या जोराने सायकल पुढे उसळली. अंगात ताकद असती तर सावरले असते. डॉक्टर म्हणतात, आता गुडघा राहू दे, माणूस काठीवर उभा राहिला तरी मिळवलं. मशीनवर काकूंनी चादर घातलीय.

सायकल शेठने टेम्पोतून दुकानात आणली. मी आत नेऊन पहिल्यासारखी केली. आता एकावर एकचाच जोर आहे. कुणीही तपासावं. पुरावा म्हणून आता हे पत्र आहे, बस.

ते घेऊन तू शेठकडे जा. तो मला कानाखाली जाळ काढून हाकलेल, मी चूं करणार नाही. पण मग मास्तरांच्या पलंगाशीही तुला जावं लागेल. सांगावं लागेल की तुम्ही खरं बोलत होता, आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं, आणि त्या शब्दापायी तुम्ही जेवण सोडलं. ग्रुपलाही सांगावं लागेल. मग पुढच्या रविवारी तुझ्या त्या काट्यावर कोण चढेल?

तू नाही जाणार. मी तुला ओळखतो, तुझं सगळं पाठ आहे म्हटलं ना. तू हे दोनदा वाचशील, फाडशील, आणि रविवारी शिट्टी वाजवशील. मी टायरमध्ये हवा भरत असेन. आपली नजरानजर होईल, आणि तुला ती टाळता येणार नाही. एवढ्या वर्षांत आपल्या दोघांचं म्हणावं असं काही नव्हतं. आता आहे.

सोबत फडकं पाठवतोय. मास्तरांनीच दिलं, तुझं तुला परत. काकूंकडून धुऊन, इस्त्री करून घेतलंय. पडताना नाडी तुटली होती. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी हाताने पुन्हा शिवली.

सुरू केलेलं एक तरी काम शेवटपर्यंत नेलेला,
तुझा
अर्धवट