बाळकृष्णाची मुलाखत

अहो,

बारापर्यंत माझं मौन असतं, म्हणून लिहिते आहे. ईश्वरीला दुसरीच्या बाईंनी उपक्रम दिलाय, घरातल्या एका माणसाची मुलाखत घ्या. तुमच्या कानाला सकाळपासून हेडफोन, माझं तोंड बंद. शेवटी तिने देवघरातल्या बाळकृष्णाची घेतली! "लॉकडाउनमध्ये तू काय करतोस?" असं विचारून उत्तरही तिनेच लिहिलंय, "बसून असतो. माझ्याशी कुणी बोलत नाही."

चातुर्मास संपायचाय, पण मी मौन आजच सोडते. देव समजून घेईल. तिच्याजवळ गच्चीत जाते आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वहीवर सही करा. तुमच्यासाठी काढलेले प्रश्न तिने मागच्या पानावर खोडलेत, पण वाचता येतात.

– मृणाल