शेगडी निवडेल त्याने रांधावं

ती. ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा, पण खरं कळवा. गेल्या वेळी फोनवर तुम्ही "ठीक आहे" म्हणालात. (तुमच्या माहेरी पाय प्लास्टरमध्ये असला तरी "ठीक आहे" म्हणतात, हे समजायला मला लग्नानंतर बावीस वर्षं लागली.) भावोजींना खोकल्याचं औषध लागू पडलं का? इकडे सगळे बरे आहेत. आईंना हवं तेवढंच ऐकू येतं, म्हणजे तब्येत उत्तम. तुमचे बंधू नेहमीसारखे, एक ग्रॅम इकडे नाहीत की तिकडे नाहीत. तुमची भाची मात्र चार आठवड्यांनी वसतिगृहात जाणार, म्हणून सध्या घरात प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "ती जायच्या आत" असं येतं. ती जायच्या आत खिडकीची कडी दुरुस्त करू, ती जायच्या आत सगळे मिळून एकदा तंबूत राहून येऊ. कडी झाली. तंबूचं घोडं शेगडीपाशी अडलं, त्याचीच ही कहाणी आहे. तुम्हाला वेळ असेल तेव्हा बसून वाचा, उभ्याने वाचण्यासारखी नाही, आणि गुडघ्यालाही बरं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तळ्याकाठी तीन दिवस राहून आलो, ते तुम्हाला आठवत असेल. फोटो पाठवले होते. त्या फोटोंत मी कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मी शेगडीपुढे होते. एका चुलीची ती जुनी शेगडी, वारा आला की मान टाकायची. चौघांचा चहा करून होईतो पहिला कप घेतलेल्याला पुन्हा भूक लागलेली असायची. ते तळं मी पातेल्यातच जास्त पाहिलं. परत निघताना घडी करताकरता शेगडीचा पाय मोडला आणि (देव माझ्या मनातलं जाणतो) मला अजिबात वाईट वाटलं नाही. गाडीत बसल्या बसल्या मी कायदा करून टाकला, की पुढच्या वेळी नवी शेगडी जो निवडेल, तोच तिच्यावर रांधेल. सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला. इतक्या पटकन आपल्या घरात कशालाच होकार मिळत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

झालं असं, की त्या दिवसापासून आमच्या घरात शेगडीबद्दल सगळ्यांना मत आहे, पण निवड कुणाचीच नाही. तुमचे बंधू तर वजनकाटे तपासणाऱ्या कार्यालयातले. त्यांनी ओळखीपाळखीतून सात शेगड्या मागून आणल्या आणि आमच्या बाल्कनीत परीक्षा मांडली. प्रत्येक शेगडीवर एक लिटर पाणी, तेही वजन करून. टेबलफॅन दोनवर म्हणजे "मंद वारा", तीनवर म्हणजे "जोराचा वारा". मी हातात घड्याळ धरून उभी, आई हातात काही नाही म्हणून सूचना धरून उभ्या. पाचव्या शेगडीला फॅन तीनवर गेला, ज्योत आडवी झाली आणि दोरीवरच्या आईंच्या टॉवेलला जाऊन भेटली. मी बादली आणायला धावले. तुमच्या बंधूंनी आधी वहीत नोंद केली: "वाऱ्यात ज्योत आडवी. नुकसान: टॉवेल, एक." मग विझवायला आले. अशी सात पानं भरली, उकळी येण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहिला. शेवटचा रकाना "निवड" असा होता, आणि तो सातही पानांवर कोरा. मी विचारलं, तर म्हणाले, "माझं काम तपासायचं. काटा बरोबर आहे एवढं मी सांगतो, काय तोलायचं ते गिऱ्हाईक ठरवतं."

मग आम्ही सगळे सहलीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथली विक्रेती चांगली पोक्त बाई होती, चष्मा गळ्यात लोंबणारा. तिने साधं विचारलं, "वापरणार कोण?" तर आम्ही चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. (मी आईंकडे दाखवलं याची मला अजून लाज वाटते, पण तेवढीच दिशा रिकामी होती.) आई एकेका शेगडीचं बटण पिळत पुढे चालल्या होत्या. "ही शेगडी की मेणबत्ती?" "हिचे पाय बघ, कोंबडीचे बरे." असं करत करत एका शेगडीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही लाल बरी दिसते." तुमची भाची टपूनच होती.

"आजी! म्हणजे तू निवडलीस!"

"मी रंग सांगितला गं बाई, शेगडी नाही."

"रंग शेगडीलाच आहे ना?"

"मला काही ऐकू आलं नाही," आई म्हणाल्या आणि सरळ दोरखंडांच्या विभागात निघून गेल्या. आम्ही दोन मीटर दोरी घेऊन घरी आलो. दोरी का, ते कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर पोरीने गुप्त मतदान ठेवलं. बिस्किटांच्या डब्यात चार मतं पडली, चारही कोरी. (एक माझं होतं. माझाच कायदा असला तरी मीही माणूसच आहे.) मग शेगड्यांच्या नावाने चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर चिठ्ठी उचलेल त्याची निवड धरायची का, यावर दोन दिवस वाद. शेवटी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांचा हात तटस्थ म्हणून. त्यांनी बिचाऱ्यांनी हसत हसत चिठ्ठी उचलली, आणि पोरीने त्यांना कायदा वाचून दाखवला. मला वाटलं, आता हे रागावतील. ते म्हणाले, "कधी निघायचंय? मला अंडी उकडता येतात." माणूस खरंच बॅग भरायला निघाला होता, ताई. त्यांना परत फिरवताना तुमच्या बंधूंची जी तारांबळ उडाली, ती बघून मला वाटलं, आपल्यापेक्षा परकी माणसं किती सोपी असतात! तेव्हापासून ते जिन्यात भेटले की मी उगीचच दात दुखत असल्यासारखा चेहरा करते, म्हणजे बोलणं लवकर संपतं.

या सगळ्यात आठवडे चालले होते. आधी दहा होते, मग सात, मग पाच. तुम्हाला म्हणून सांगते. मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही. मी दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना शिवते, घरी येऊन भात लावते, दोन्हींत हात आपोआप चालतात. पण ही पोर विचारलं की काही सांगत नाही. "कशी आहेस?" म्हटलं की "ठीक" म्हणते (तुमचंच रक्त). ती सांगते कधी, तर दोघी शेजारी बसून तिसरंच काहीतरी बघत असलो की. बसच्या खिडकीतून, नाहीतर समोरच्या इमारतीवर रंग देणाऱ्यांकडे बघताना. गेल्या वेळी तळ्याकाठी ती चारदा माझ्याजवळ आली. चारही वेळा "अजून किती वेळ?" असं विचारलं, आणि मी "झालंच" म्हटलं, आणि ती गेली. चौथ्यांदा ती नुसतं जेवण कधी, एवढंच विचारत नव्हती, असं मला घरी आल्यावर वाटायला लागलं. आता ती गेल्यावर फोनवरच बोलणार, आणि फोनमध्ये दोघींनी मिळून बघायला काहीच नसतं. म्हणून मला या खेपेला पाण्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. फार नाही, दोन दिवस.

तर गेल्या मंगळवारी काम सुटल्यावर मी एकटीच त्या दुकानात गेले आणि चार मिनिटांत शेगडी घेतली. दोन चुली, दोन्ही बाजूंना वारा अडवायला पत्रे, मिटली की सुटकेससारखी. मी एकच गोष्ट पाहिली: ज्योत बारीक केली की ती बारीकच राहते, विझत नाही. सात पानांच्या वहीत हे कुठेच नव्हतं. उकळी किती लवकर येते एवढंच बघितलं होतं, उकळी आल्यावर काय, ते कुणी बघितलंच नव्हतं. गळ्यातला चष्मा नाकावर चढवून ती बाई म्हणाली, "शेवटी तुम्हीच का?" मी म्हटलं, "बघू."

असो. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी निघायचं पक्कं झालं आहे. पोरीने तंबू उन्हात घालून ठेवलाय, आईंनी ती दोन मीटर दोरी बॅगेत भरली आहे. भावोजींना नमस्कार सांगा, गुडघ्यावर शेक घेत जा, आणि आमची आठवण काढत राहा, आम्हाला त्याची गरज पडणार आहे.

तुमची भावजय

ता. क. गरज अशी. शेगडी मी घेतली, पण घरात ती तुम्ही पाठवली आहे. म्हणजे मी ती खाकी कागदात बांधली, पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा पत्ता लिहिला, दाराशी ठेवली, घंटा वाजवली आणि एक मजला खाली पळून जाऊन भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत वर आले. (डॉक्टरांनी दार उघडून बघितलं. मी गालावर हात ठेवला.) आईंच्या डोळ्यांत पाणी आलं, "लेकीलाच सुचलं बघ" म्हणाल्या, तेव्हा मला आठवडाभर पुरेल एवढं पाप लागलं. मला माफ करा. पण कायद्याने आता निवड तुमची, म्हणून रांधायचं तुम्ही. तुम्हाला एवढ्या लांबून, अशा गुडघ्याने जमणार नाही, हे तर उघड आहे. तेव्हा रविवारी सकाळी तुमचे बंधू आभाराचा फोन करतील, तेव्हा "कसली शेगडी?" असं कृपा करून विचारू नका. फक्त सहज म्हणा, "माझ्या वाटचं तू कर रे." तुम्ही त्यांना सायकल शिकवलीत तेव्हापासून तुमचा शब्द त्यांनी मोडलेला नाही. माझे बरेच मोडलेत.

आणखी एक. त्यांना पाणी कितीला उकळतं हे माहीत आहे, पण पुढे त्यात काय टाकायचं ते माहीत नाही. फोनवर भात तरी सांगून ठेवा. जमलं तर तुम्हीच या. रांधायला नाही हो. पाण्याकडे तोंड करून एक जास्तीची खुर्ची मांडू.

आत्या, मी लिहितेय. आईने पत्र पोस्टात टाकायला दिलंय आणि पाकीट चिकटवायला विसरली, तर वाचलं. सॉरी. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जगात आईशिवाय कुणीच पार्सलला पुस्तक शिवायची गाठ मारत नाही. बाबा ती गाठ सोडवायच्या आधी बराच वेळ नुसती बघत बसले होते, मग आई भाजी ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "ताईने पाठवली म्हणजे ताईनेच पाठवली. कुणी काही बोलायचं नाही." आजीच्या डोळ्यांतलं पाणी खोटं होतं, मी तिला नंतर विचारलं. आई कामाला गेली की बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या शेगडीवर भात शिकताहेत. पाच वेळा झाला. तीन वेळा करपला, एकदा खीर झाली, कालचा आजीने खाल्ला आणि अजून ठीक आहे. आई यायच्या आत आजी सगळ्या खिडक्या उघडते आणि विचारलं की गुदमरतंय म्हणते. त्यामुळे रविवारी फोन आला की तू आईने सांगितलंय तसंच म्हण, आणि बाबा "बघतो, प्रयत्न करतो" म्हणतील तेव्हा हसू नकोस, आई शेजारीच उभी असेल. मलाही तिच्याशी बोलायचंय, पण ते मी तिकडे पाण्याकाठी गेल्यावर.

आणि बाबांनी तुला विचारायला सांगितलंय: चवीपुरतं मीठ म्हणजे किती ग्रॅम? आईला विचारता येत नाहीये.