जुमेरातची दुआ

७८६
तामलवाडी, दि. ३ जून २०२४

ती. कुलसुमआपास, धाकट्या जुबेदाचा सलाम, वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. फोन करत नाही, कारण मी मोबाईल कानाला लावला की सासूबाई शेजारी येऊन तांदूळ निवडायला बसतात. म्हणून हे पत्र.

अर्शिया सातवी पास झाली. गावातली शाळा इथंच संपते. सासूबाईंनी सोलापूरचं एक स्थळ काढलं आहे. पोर तेराची आहे म्हटलं, तर म्हणतात ठरवून ठेवायला काय जातं. तिचे अब्बा बोअरच्या गाडीवर कर्नाटकात गेले त्याला चार वर्षं झाली. दोन वर्षं फोन येत होते, मग तेही बंद झाले. लेकीसाठी भांडायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या निवासी शाळेत रेक्टर आहात. जकातीवर चालणारी ती शाळा फक्त बाप गेलेल्या मुली घेते, हे मला ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला नसला तर तुमची सही चालते, असं मागं तुम्हीच म्हणाला होता. अर्जात तिच्या अब्बांच्या नावाआधी 'मरहूम' लिहा. एका शब्दानं माणूस मरत नाही, आपा. पण माझी पोर मात्र जगेल.

मोठ्या बहिणीची माया आजवर होती तशीच असू द्या.
तुमची जुबेदा

७८६
वाशी, दि. ११ जून २०२४

चि. जुबेदास, आपाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा रागच आला. लहानपणी शेजाऱ्यांच्या चिंचा पाडायचीस तू आणि अम्मीचा मार खायचे मी. पन्नाशी आली तरी तेच चाललंय.

चौदा वर्षांत माझ्या हातून एक खोटा कागद गेला नव्हता. इथं खाटा चाळीस. चाळिसाव्या नंबरावर भूमची एक पोर होती, बाप विहीर खणताना दरड कोसळून गेलेला. तिला पुढच्या वर्षी ये म्हणून मी परत पाठवलं आणि तुझ्या अर्जावर सही केली. झालं ते झालं.

ईद झाली की बुधवारी अर्शियाला घेऊन ये. सोबत पेटी, गादी आणि ताट-वाटी दे. आणि तिला नीट समजावून आण. इथं दर गुरुवारी, जुमेरातला, असरच्या नमाजानंतर मुली ओळीनं बसतात. एकेक जण आपल्या बापाचं नाव घेते आणि त्या मेलेल्या माणसाला अल्लाहनं माफ करावं, अशी दुआ मागते. तिलाही मागावी लागेल.

तब्येत सांभाळ.
कुलसुम

७८६
तामलवाडी, दि. २० ऑगस्ट २०२४

ती. आपास सलाम, वि. वि.

अर्शिया गणितात पहिली आल्याचं कळलं. सगळ्या गल्लीत सांगून झालं. पण ती मला पत्र का लिहीत नाही? एक ओळ तरी लिहायला सांगा.

परवा तुमच्या संस्थेचे दोघंजण चौकशीला आले होते. ते दारात दिसताच मी आत जाऊन बांगड्या काढल्या, गळ्यातली काळी पोतही काढून डब्यात टाकली. ते चहा पिऊन, दुआ देऊन गेले. सासूबाईंनी मात्र माझा मोकळा गळा पाहिला. माझ्या लेकाला जिवंतपणी गाडलंस, एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. पोत पुन्हा घातली, पण मनाला लागलेलं जात नाही.

तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? लोभ आटू देऊ नका.
जुबेदा

७८६
वाशी, दि. १३ सप्टेंबर २०२४

चि. जुबेदास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. आल्यापासून अर्शियानं एकाही जुमेरातला दुआ मागितलेली नाही. तिची पाळी आली की ती मान खाली घालून गप्प बसते. बापाच्या दुःखानं बोलत नसेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. काल मी तिला बाजूला घेऊन रागावले. तेव्हा तिनं मला विचारलं, की अब्बा जिवंत असले तर असली दुआ म्हणजे त्यांच्या मरणाचीच दुआ नाही का, आणि अल्लाहनं ती कबूल केली तर मग काय करायचं. माझी मला लाज वाटली, जुबेदा.

आज सकाळी संस्थेच्या सदरसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चाव्या मागितल्या. माझी नोकरी गेली. अर्शियाची खाट भूमच्या पोरीला मिळेल, आणि ते रास्तच आहे. मात्र राहायची सोय आपली आपण केली तर अर्शियानं शाळेत यायला त्यांची हरकत नाही. एसटी स्टँडमागं मी एक खोली पाहिली आहे. शिवणकाम करीन, पोर माझ्यापाशी राहील.

तुझ्या सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. दस्तगीर त्यांचा लेक आहे आणि त्याच्या नावावर मरण आपण दोघींनी लिहिलं. त्या जे ठरवतील ते मला कबूल आहे.

तुझी आपा

७८६
तामलवाडी, दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. आपास जुबेदाचा सलाम, वि. वि.

तुमच्या चाव्या माझ्यापायी गेल्या. माफी कोणत्या तोंडानं मागू?

पत्र वाचून दाखवलं. सासूबाई ऐकता ऐकता उठून आत गेल्या. वाटलं, आता सोलापूरला फोन लावतात. बाहेर आल्या त्या रडत. माझ्यापाशी बसून म्हणाल्या, की तुला बोलले खरी, पण मीच गुन्हेगार आहे. दोन वर्षं झाली, शबे-बरातीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी हलव्याचं ताट ठेवून फातिहा देतात, तेव्हा त्या माझ्या सासऱ्यांच्या नावामागून हळूच आपल्या लेकाचंही नाव घेत होत्या. आई असून आपण त्याला सोडून दिलं आणि त्या एवढ्याशा पोरीनं सोडलं नाही, असं म्हणून त्या कितीतरी वेळ रडल्या. मलाही रडू आवरलं नाही.

सोलापूरच्या पाहुण्यांना त्यांनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. येत्या रविवारच्या एसटीनं ज्वारी घेऊन त्या तुमच्याकडं येताहेत, नातीजवळ चार दिवस राहायला.

अर्शियाचे अब्बा कुठं आहेत, आहेत की नाहीत, ते आजही कुणाला ठाऊक नाही. पण सासूबाईंनी मला बजावलं आहे, की पुढच्या शबे-बरातीला ताट ठेवताना त्यांच्या अगदी जवळ बसायचं, आणि सवयीनं ते नाव ओठांवर आलंच, तर त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा.

आम्हा दोघींची चूक पोटात घाला.
जुबेदा