झोपलाय तो

१२ मे, सोमवार सकाळ

प्रिय दादास,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असशील. एवढं लिहून मोकळी होते, नाहीतर म्हणशील, टकळीला रीतभात राहिली नाही. बाबांचंही बरं आहे. म्हणजे, ते पुढे सांगते.

काल आपल्या चर्चच्या तरुण संघाचा मेळावा झाला. तीन मंडळ्यांतली मुलं आली होती. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून पुढच्या रांगांना सतरंजीवर बसवलं. मागे हा एवढा मोठा फलक, ‘तरुणांनो, जागे व्हा!’ आणि त्याच्या बरोब्बर खाली तुझा तो सुतार मित्र पहिल्याच प्रवचनाला घोरत होता. मी कोपरानं ढोसलं, तर डोळे मिटूनच ‘आमेन’ म्हणाला.

पण मेळावा खरंच छान झाला. सहभागितेच्या तासाला आम्ही गटागटांनी बसलो. नर्सिंग शिकणारी एक मुलगी म्हणाली, “मला हल्ली प्रार्थना करताना काहीच वाटत नाही. तरी रोज करते.” कोणी तिला उपदेश केला नाही, तेच मला आवडलं. शेजारची म्हणाली, “माझंही तसंच झालंय,” आणि दोघी हातात हात धरून रडल्या. मला तुझ्याबद्दल बोलायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण दोन हातांवर बाबा ऑर्गनपाशी बसले होते, म्हणून मी आपली परीक्षेसाठी प्रार्थना करा म्हणाले. कसली परीक्षा, कोण जाणे.

जुनी गीतं वाजवायला मुलांनी बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. तुझा ड्रमही त्यांनी सामानाच्या खोलीतून बाहेर काढला, पुसून-बिसून ठेवला. मला वाटलं, आता बाबा उठून जातात. नाही गेले. एकदा तिकडे बघितलं आणि सूर लावत बसले.

आता नवे पाळकसाहेब. वयानं तुझ्याएवढेच असतील, मनानं फार चांगले, पण धर्मशिक्षण घेऊन नुकतेच आलेत, त्यामुळे मीठ मागायचं तरी शास्त्रातल्या भाषेत मागतात. दुपारी ते स्वयंपाकाच्या खोलीत गेले. आई जेवणासाठी कांदे चिरत होती, डोळ्यांतून धारा. त्यांनी विचारलं, “ताई, ड्रमवर नाव लिहिलंय, ते कोणाचं?”

“माझ्या मुलाचं.”

“कुठे असतो तो?”

आईनं मघाशीच तुला फोन केला होता, मेळाव्याला ये म्हणून सांगायला. तो तुझ्या खोलीतल्या जोडीदारानं घेतला आणि तू झोपलायस म्हणून सांगितलं. म्हणून आई पाळकसाहेबांना नाक ओढत म्हणाली, “झोपलाय तो.”

पाळकसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “प्रभू तुम्हाला धीर देवो.”

“देवो बाई,” आई म्हणाली, “अजून टोपलीभर आहेत.”

आणि समारोपाच्या प्रार्थनेआधी त्यांनी सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, “या संघाचा वादक, आपला प्रिय भाऊ, प्रभूमध्ये झोपी गेला आहे. त्याच्या आठवणीत आपण शांत उभे राहू.”

आपल्यात ‘झोपी गेला’ म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. गेला म्हणजे गेलाच.

दादा, मला हसू आलं नाही. चूक असेल असं मनातही आलं नाही. वाटलं, यांना कळलंय आणि आपल्यालाच कोणी कळवलं नाही. कळणार तरी कुठून? तू माझे फोन घेत नाहीस. आईचे मात्र दर रविवारी घेतोस, हे मला कालच कळलं, त्याचं भांडण मी भेटल्यावर काढणार आहे. पण त्या वेळी तू जिवंत आहेस असं छातीठोक सांगावं, इतकीसुद्धा तुझी काही माहिती माझ्याजवळ नव्हती. फार वाईट वाटलं रे.

तेवढ्यात ऑर्गनचे सूर एकदम कर्कश वाजले. बाबांनी उठताना पट्ट्यांवर हात टेकले होते. “कोणी सांगितलं?” ते ओरडले. “कोणी सांगितलं माझा मुलगा गेला म्हणून?”

आवाज ऐकून आई हातात डाव घेऊन धावत आली. “अहो, अंथरुणात झोपलाय तो! बेकरीत रात्रपाळी असते त्याची!”

सगळं सभागृह हसलं. पाळकसाहेबांचं तोंड पाहवेना. सुतार जागा होऊन विचारत होता, “काय झालं? कोण गेलं?”

बाबा हसले नाहीत. ते सतरंजीच्या कडेला मुलांमध्येच बसले आणि म्हणाले, “पाळकसाहेबांची चूक नाही. ड्रमवरून भांडण झालं तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, तू मला मेलास. आज तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.” मग रडले. बाबा रडताना कसे दिसतात, ते मला माहीतच नव्हतं. त्या नर्सिंगच्या मुलीनं त्यांचा हात धरला. प्रार्थना कोणी पुढे होऊन केली नाही. जो तो आपापली पुटपुटत होता, आणि सगळ्यांच्यात तुझंच नाव.

घरी आल्यावर बाबांनी दुकान उघडलं. रविवारी! मशीनवर नुसतेच बसून राहिले. मग मला विचारलं, “त्याच्या खांद्याचं माप बदललं असेल का गं?” शिंप्याचा जीव, दुसरं कसं विचारणार? मी म्हटलं, “जाऊन बघा की.”

ते मी बोलायला नको होतं असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. तू रागावलास तरी माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको.

पत्ता आईनं दिला. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ज्यांच्या हातून ते तुला मिळालं, ते अजून दाराबाहेरच उभे असतील. आत येऊ का, असं ते जन्मात विचारणार नाहीत, तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. बाकीचं सगळं त्यांनी भर सभेत बोलून टाकलंय.

‘या’ तेवढं तू म्हण.

तुझीच,
टकळी